साइट नीट चालते आहे, तरी प्लगिनमधलं भोक बुजवायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या तयार प्रणालीवर, वेबसाइट आहे. तूरडाळ, हरभरा, सोयाबीन यांची चौकशी साइटवरच्या फॉर्ममधून येते आणि रोजचे भाव एका फलकावर दिसतात. फॉर्मचं प्लगिन, म्हणजे साइटला जादा सोय देणारा जोड-कोड, वर्डप्रेसच्या भांडारातलं, फुकटातलं. भावफलकाचं प्लगिन तालुक्यातल्याच एका मुलानं लिहून दिलं होतं, तो आता पुण्याला नोकरीला आहे. साइटला लॉगिन एकच, अॅडमिनचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं. व्यवस्थापक, हिशेबनीस आणि ऑपरेटर असे तिघंही तेच वापरतात. आता होस्टिंगवाल्यांचा मेल आलाय की फॉर्मच्या प्लगिनमध्ये क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगचा दोष आहे. विचारणारे भाऊ म्हणतात, साइट तर नीट चालते, तिच्यावर पैशाचा व्यवहार नाही, आणि तुरीच्या हंगामात फॉर्म बंद ठेवला तर गिऱ्हाईक जाईल. मग हे इतकं मनावर घ्यायचं का, की एचटीटीपीएसचं कुलूप, कॅप्चा आणि फायरवॉल एवढ्यावर भागेल?

भाऊ, मनावर घ्या. पण घाईघाईत प्लगिन उडवूही नका, त्यानं वेगळं नुकसान होईल. ते कसं, ते पुढे येतंच.

आधी दोष काय आहे ते बघू. फॉर्ममध्ये बाहेरचा माणूस जे लिहितो, ते प्लगिन पुढे कुठल्यातरी पानावर छापतं. छापताना त्यातली खास चिन्हं निष्प्रभ केली नाहीत, तर ब्राउझरला हा गिऱ्हाइकाचा मजकूर आणि हा साइटचा कोड असा फरक करता येत नाही. चिठ्ठीवर कुणीतरी लिहिलेलं वाक्य नुसतं वाचण्याऐवजी मालकाचा हुकूम समजून पाळावं, तसा तो त्या मजकुरातला कोड चालवतो. हा कोड सर्व्हरवर चालत नाही. पान उघडणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालतो, आणि त्या माणसाला साइटवर जे जे करता येतं ते सगळं त्या कोडलाही करता येतं. म्हणून ‘साइट चालते का’ हे विचारून काही कळत नाही. विचारायचं ते हे: मजकूर आत कोण घालू शकतं, तो कोण उघडून बघतं, आणि बघणाऱ्याच्या हातात कोणते अधिकार आहेत.

तुमच्याकडे याची उत्तरं काळजीची आहेत. फॉर्म जगातलं कुणीही भरू शकतं. चौकशा रोज उघडल्या जातात. उघडणारा अॅडमिन असतो.

पुष्कळांची समजूत असते की अशा हल्ल्यात पासवर्ड चोरीला जातो, म्हणून पासवर्ड बदलला की झालं. तसं नाही. वर्डप्रेसच्या लॉगिनची कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखखूण, स्क्रिप्टला वाचता येऊ नये अशीच ठेवलेली असते, आणि हल्लेखोराला ती वाचायची गरजही पडत नाही. ऑपरेटरनं चौकशीची यादी उघडली की त्या यादीत दडलेली स्क्रिप्ट मागच्या मागे ‘नवीन वापरकर्ता’ हे पान मागवते, त्यातला सुरक्षा-टोकन, ज्याला वर्डप्रेसमध्ये नॉन्स म्हणतात, तो उचलते आणि तोच फॉर्म भरून पाठवते. एखाद्या सेकंदात दुसरा अॅडमिन तयार होतो. ऑपरेटरच्या पडद्यावर काहीच हलत नाही. किंवा ती स्क्रिप्ट प्लगिन-फाइल एडिटर वापरून एखाद्या पीएचपी फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडच्या फाइलमध्ये, चोरदरवाजा लिहून ठेवते. त्यानंतर तुम्ही तुमचा पासवर्ड शंभरदा बदलला तरी त्या दुसऱ्या दाराला फरक पडत नाही.

आणि पैशाचा व्यवहार नाही, हे खरं असलं तरी सभासदांचे मोबाइल नंबर, गाव, कुणाकडे किती माल आहे हे सगळं तुमच्या डेटाबेसमध्ये आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमच्या नावावरचा विश्वास. कंपनीच्या खऱ्या पत्त्यावर ‘अनुदानासाठी आधार क्रमांक आणि ओटीपी भरा’ असं पान दिसलं तर गावातला माणूस ते भरतो, कारण पत्ता ओळखीचा आहे. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे मोबाइलवरून, गुगलमधून येणाऱ्यालाच जुगाराच्या साइटवर ढकलायचं आणि लॉगिन केलेल्याला नेहमीचं पान दाखवायचं. तुम्ही ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लॉगिन करून बघता, म्हणून तुम्हाला साइट नीटच दिसत राहते.

आता कृती. सगळ्यात आधीची सूचना: मेल वाचल्यावर ‘बघू तरी काही विचित्र आलंय का’ म्हणून चौकशीची यादी अॅडमिननं उघडू नका. दडलेला मजकूर चालायला तेवढं एक उघडणं पुरतं. जुन्या चौकशा जपायच्या असतील तर होस्टिंगच्या पॅनलमधून पीएचपीमायअॅडमिन (डेटाबेस थेट बघायचं साधन) उघडा, प्लगिनचा नोंदींचा तक्ता शोधा आणि तिथून निर्यात करा. पीएचपीमायअॅडमिन मजकूर निष्प्रभ करूनच दाखवतं आणि तिथे तुम्ही वर्डप्रेसचे अॅडमिन म्हणून बसलेले नसता. निर्यात केलेली फाइल एक्सेलमध्ये उघडण्याआधी साध्या नोटपॅडमध्ये बघा. बरोबरच्या चिन्हानं सुरू होणारा रकाना एक्सेलला सूत्र वाटतो, तोही एक जुना सापळा आहे.

त्यानंतर पूर्ण बॅकअप. फाइल्स आणि डेटाबेस दोन्ही घ्या, आणि ती झिप साइटच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये ठेवून देऊ नका, उतरवून पेनड्राइव्हवर घ्या. साइटमध्ये काही शिरलेलं असेल तर ते बॅकअपमध्येही असेल, हे मान्य आहे. तरी अपडेटमध्ये काही बिघडलं तर परतायला आणि नंतर तपासायला हा बॅकअप लागतो.

मग तो मेल पुन्हा वाचा. अशा सूचनेत चार गोष्टी असतात आणि निर्णय त्यांच्यावर आहे: कोणत्या आवृत्तीपर्यंत दोष आहे, कोणत्या आवृत्तीत दुरुस्त झाला, हल्लेखोराला आधी लॉगिन लागतं का, आणि दोष ‘स्टोअर्ड’ आहे की ‘रिफ्लेक्टेड’. स्टोअर्ड म्हणजे मजकूर डेटाबेसमध्ये जाऊन बसतो आणि जो पान उघडेल त्याच्यावर चालतो. रिफ्लेक्टेड म्हणजे मजकूर लिंकमध्येच असतो आणि ती लिंक कुणीतरी दाबावी लागते. तिसरा प्रकार डॉम-आधारित. त्यात सर्व्हरचा संबंध नसतो, पानावरची जावास्क्रिप्टच लिंकमधला किंवा बाहेरून आणलेला मजकूर चुकीच्या रीतीनं पानात कोंबते.

सूचनेत तीव्रतेचे दहापैकी गुणही असतात. लॉगिनशिवायचा स्टोअर्ड दोष साधारण ७.२, रिफ्लेक्टेड ६.१, कॉन्ट्रिब्युटरचं, म्हणजे फक्त मसुदा लिहू शकणाऱ्याचं, लॉगिन लागणारा ६.४, आणि अॅडमिनलाच मजकूर घालता येत असेल तर ४.४, असे आकडे बहुधा दिसतील. आकड्यावर जाऊ नका, तुमच्या साइटवर तो कसा बसतो ते बघा. ६.४ चा दोष तुमच्याकडे जवळजवळ निरुपद्रवी असू शकतो, कारण बाहेरच्या कुणाला लॉगिनच नाही. पण सेटिंग्जमधल्या ‘जनरल’ पानावर ‘कुणीही नोंदणी करू शकतं’ ही खूण चालू असेल आणि नव्या माणसाची भूमिका कॉन्ट्रिब्युटर ठेवलेली असेल, तर तोच दोष सगळ्यांना मोकळा होतो. ती खूण आजच काढा. उलट ४.४ चा दोष तुमच्यासारख्या एकट्या साइटवर (एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट नसलेल्या) घाईचा नाही, कारण तिथे अॅडमिनला तसाही हवा तो एचटीएमएल घालता येतो. लॉगिनशिवायचा स्टोअर्ड असेल तर मात्र उद्यावर टाकू नका.

‘आमच्या गावाकडच्या साइटकडे कोण बघतंय’ हा प्रश्नही यातूनच सुटतो. कुणी बघत नाही, यंत्रं चाळतात. २०२४ च्या मे महिन्यात डब्ल्यूपी स्टॅटिस्टिक्स, डब्ल्यूपी मेटा एसईओ आणि लाइटस्पीड कॅश या तीन प्लगिनमधल्या स्टोअर्ड दोषांचा प्रत्यक्ष वापर चालू असल्याचं उघड झालं. तिन्हींच्या दुरुस्त आवृत्त्या तोवर आलेल्या होत्या, अपडेट न केलेल्या साइट सापडत होत्या. त्यातल्या डब्ल्यूपी स्टॅटिस्टिक्समध्ये तर फॉर्म भरायचीही गरज नव्हती. साइटच्या पत्त्यापुढे एक खास पॅरामीटर, म्हणजे जादा मजकूर, लावून भेट द्यायची. तो पत्ता आकडेवारीत नोंदला जायचा आणि अॅडमिननं ‘आज किती लोक आले’ हे बघायला पान उघडलं की स्क्रिप्ट चालायची. १४.५ पर्यंतच्या आवृत्त्यांत हे होतं, १४.५.१ मध्ये दुरुस्त झालं. म्हणून ‘आम्ही फॉर्म काही दिवस बंद ठेवतो’ हा उपाय फॉर्मच्या प्लगिनपुरता ठीक, पण बाहेरून येणारं जे जे काही साठवलं जातं त्या सगळ्याला तो लागू पडत नाही.

दुरुस्त आवृत्ती आली असेल तर अपडेट करा. गावातल्या नेटची भीती इथे बाळगू नका. प्लगिन उतरतं ते सर्व्हरवर, तुमच्या मोबाइलच्या डेटावर नाही. तुमच्याकडून फक्त हुकूम जातो. अपडेट चालू असताना लाइट गेली किंवा हॉटस्पॉट तुटला आणि नंतर साइटवर ‘देखभालीसाठी थोडा वेळ बंद’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसू लागली तर घाबरू नका. वर्डप्रेस त्या वेळी मुख्य फोल्डरमध्ये मेंटेनन्स नावाची, टिंबानं सुरू होणारी एक लपलेली फाइल ठेवतं. दहा मिनिटं उलटली की ते तिच्याकडे दुर्लक्ष करतं. तोवर दम धरा, नाहीतर फाइल मॅनेजरमधून ती काढा. मग प्लगिनच्या यादीत आवृत्तीचा आकडा खरंच बदलला का ते बघा, आणि फॉर्म एकदा स्वतः भरून बघा. झिप हातानं चढवायची वेळ आली तरच तुमचा डेटा खर्च होईल.

अपडेट झाल्यावर एक मुद्दा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दुरुस्ती दोन ठिकाणी होऊ शकते: मजकूर आत घेताना किंवा छापताना. छापण्याच्या जागी केली असेल तर डेटाबेसमधला जुना विषारी मजकूरही निष्प्रभ होतो. फक्त आत घेतानाची चाळणी लावली असेल तर आधी शिरलेल्या ओळी तशाच जिवंत राहतात. म्हणून अपडेटनंतरही नोंदींच्या तक्त्यात ‘स्क्रिप्ट’, ‘ऑनएरर’, ‘ऑनलोड’, ‘ऑनफोकस’, ‘फ्रॉमकॅरकोड’ हे शब्द इंग्रजी अक्षरांत शोधा आणि तसल्या ओळी तिथूनच काढा.

दुरुस्ती आलीच नसेल तर? भांडारातलं त्या प्लगिनचं पान उघडा. ‘हे प्लगिन बंद करण्यात आलं आहे’ अशी पाटी दिसली तर ते सोडून द्या. ही पाटी तुमच्या डॅशबोर्डवर, म्हणजे लॉगिननंतरच्या आतल्या पानांवर, कधीच दिसत नाही. तिथे फक्त ‘नवं अपडेट नाही’ एवढंच कळतं, आणि माणूस समजतो सगळं ताजं आहे. बंद झालेलं किंवा वर्षानुवर्षं हात न लागलेलं प्लगिन काढायचं असेल तर क्रम पाळा: नोंदी निर्यात, निष्क्रिय करणं, नव्या प्लगिनवर तोच फॉर्म उभा करणं, आणि सगळं चालतंय हे बघितल्यावर जुनं पुसणं. पुसताना काही प्लगिन आपले तक्तेही घेऊन जातात. म्हणूनच वर म्हटलं, घाईनं उडवू नका. पण नुसतं निष्क्रिय करून वर्षभर पडूही देऊ नका, फाइल्स सर्व्हरवर असतात आणि थेट पत्त्यावरून उघडता येतात.

नवा फॉर्म उभा राहीपर्यंत हंगाम सुटू नये म्हणून पानावर फोन नंबर आणि व्हॉट्सअॅपची लिंक ठेवा. निम्मे लोक तसेही फोनच करतात.

आता आधीच कुणी शिरलंय का, याची तपासणी. वापरकर्त्यांची यादी डॅशबोर्डवर बघून समाधान मानू नका. चोरदरवाजा आपला अॅडमिन त्या यादीतून लपवू शकतो. डेटाबेसमधला युझर्सचा तक्ता आणि युझरमेटामधली ‘कॅपॅबिलिटीज’ची नोंद मिळून खरे अॅडमिन किती ते मोजा. मग फाइल मॅनेजरमध्ये ‘एमयू-प्लगिन्स’ हे फोल्डर बघा. तिथली फाइल आपोआप चालते आणि प्लगिनच्या नेहमीच्या यादीत दिसत नाही. तुम्ही किंवा होस्टिंगनं काही ठेवलं नसेल तर ते रिकामं किंवा गैरहजर असायला हवं. ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये फोटो आणि पीडीएफ असावेत, पीएचपी फाइल सापडली तर ती काय आहे हे कळल्याशिवाय सोडू नका. प्रत्येक अॅडमिनच्या प्रोफाइलमध्ये खाली ‘अॅप्लिकेशन पासवर्ड’ हा भाग असतो, तिथे अनोळखी नाव असेल तर रद्द करा. होस्टिंगवर कमांड लाइन मिळत असेल तर डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड लाइन साधनाच्या ‘व्हेरिफाय-चेकसम्स’ या आज्ञेनं वर्डप्रेसच्या गाभ्याच्या आणि भांडारातल्या प्लगिनच्या फाइल्स मूळ फाइल्सशी पडताळता येतात. विकतच्या आणि हातानं लिहिलेल्या प्लगिनना ही पडताळणी लागू होत नाही.

शिरकाव झालेला दिसला तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी भोक बुजवा, मग अनोळखी अॅडमिन आणि फाइल्स काढा, मग सगळे पासवर्ड बदला: वर्डप्रेसचे, होस्टिंगचे, डेटाबेसचा. शेवटी डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमधल्या गुप्त किल्ल्या, म्हणजे सॉल्ट, नव्या टाका. त्यानं ज्याचं ज्याचं लॉगिन चालू आहे तो प्रत्येक जण बाहेर पडतो. पासवर्ड आधी बदलून भोक नंतर बुजवलं तर मधल्या वेळात तेच चक्र पुन्हा फिरतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची असते आणि ते नोंदणीकृत कंपनीला लागू आहे. सभासदांची आर्थिक फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायला सांगा.

आता त्या भावफलकाच्या प्लगिनकडे येतो. मेलमध्ये त्याचं नाव नाही, आणि मला जास्त काळजी त्याचीच आहे. असे मेल पाठवणारी साधनं बहुधा प्लगिनचं नाव आणि आवृत्ती यादीशी जुळवतात. तुमच्या तालुक्यात लिहिलेलं प्लगिन कुठल्याच यादीत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल मेल कधीच येणार नाही. तो मुलगा फोनवर उपलब्ध असेल तर पुढचा भाग त्याला पाठवा. कोडची नावं इथे देवनागरीत लिहितो आहे, टाइप करताना अर्थातच मूळ अक्षरांत.

फलकावर तालुका निवडायची सोय आहे, म्हणजे पत्त्यात ‘?तालुका=घाटंजी’ असं काही येतं आणि शोधाच्या चौकटीत तेच पुन्हा छापलं जातं. छापली जाणारी ओळ बहुधा अशी असते: <इनपुट व्हॅल्यू="घाटंजी">. आता कुणी लिंकमध्ये घाटंजीच्या जागी हे लिहिलं: घाटंजी" ऑटोफोकस ऑनफोकस="कोड. पहिल्या अवतरणचिन्हानं व्हॅल्यू तिथेच संपली. पुढचं ‘ऑनफोकस’ हे ब्राउझरला इनपुटचं नवं वैशिष्ट्य वाटतं, ‘ऑटोफोकस’मुळे चौकट आपोआप निवडली जाते आणि कोड चालतो. यात कोनकंस एकही नाही, ‘स्क्रिप्ट’ हा शब्दही नाही. लिहिणाऱ्यानं ‘सॅनिटाइझ_टेक्स्ट_फील्ड’ वापरलं असेल तर तो म्हणेल मी सफाई केली आहे. पण ते फंक्शन टॅग काढतं, अवतरणचिन्ह काढत नाही. वर्डप्रेस आलेल्या अवतरणचिन्हापुढे उलटी तिरपी रेघ लावतं हेही खरं, पण एचटीएमएलला त्या रेघेचं काही सोयरसुतक नाही. क्रोमही अडवणार नाही, त्यातला जुना एक्सएसएस ऑडिटर, म्हणजे असा कोड ओळखून अडवणारी चाळणी, २०१९ मध्ये काढून टाकला गेला.

इथली दुरुस्ती एका शब्दाची आहे: छापताना ‘ईएससी_एटीटीआर’. नियम असा की मजकूर कुठे छापला जातो त्यावर फंक्शन ठरतं. टॅगच्या मधल्या मजकुराला ‘ईएससी_एचटीएमएल’. वैशिष्ट्याच्या किमतीला ‘ईएससी_एटीटीआर’, आणि तिच्याभोवती अवतरणचिन्हं असायलाच हवीत, नाहीतर नुसती मोकळी जागासुद्धा बाहेर पडायला पुरते. लिंकला ‘ईएससी_यूआरएल’, कारण ‘जावास्क्रिप्ट:’नं सुरू होणारा पत्ता ‘ईएससी_एचटीएमएल’मधून सुखरूप निघून जातो. स्क्रिप्टच्या आत माहिती द्यायची असेल तर ‘डब्ल्यूपी_जेसन_एनकोड’. थोडा ठळक-तिरपा मजकूर चालू द्यायचा असेल तर ‘डब्ल्यूपी_केएसईएस_पोस्ट’. भाव जर जावास्क्रिप्टनं आणून दाखवले जात असतील तर ‘इनरएचटीएमएल’ शोधा आणि जिथे नुसता मजकूर दाखवायचा आहे तिथे ‘टेक्स्टकंटेंट’ घाला. वर्डप्रेसच्या स्वतःच्या फंक्शनवरही आंधळा भरवसा नको. ‘अॅड_क्वेरी_आर्ग’ जो पत्ता परत देतं तो निष्प्रभ केलेला नसतो, आणि तो तसाच छापल्यामुळे २०१५ च्या एप्रिलमध्ये जेटपॅक आणि योस्टसकट कितीतरी नावाजलेल्या प्लगिनना एकाच वेळी अपडेट काढावं लागलं होतं.

स्वतःच्या साइटवर निरुपद्रवी चाचणी करता येते. तालुक्याच्या जागी घाटंजी"><बी>ठळक असं लिहा, ‘बी’ हा टॅग इंग्रजी अक्षरात. ‘ठळक’ हा शब्द पानावर खरोखर जाड दिसला तर भोक आहे. जसाच्या तसा चौकटीत दिसला तर ती जागा बरी आहे. ती एकच जागा, बाकीच्या वेगळ्या बघाव्या लागतात. फायरवॉल असेल तर तो मध्येच अडवेल आणि खोटा दिलासा मिळेल, म्हणून शेवटी कोडच वाचायला हवा: ‘एको’ हा शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी पुढे ‘ईएससी’ आहे का बघा. दुसऱ्याच्या साइटवर हे करू नका.

आत घेतानाची तपासणीही असावी, पण तिच्यावर सगळा भार नको, आणि ती मराठीला धरून असावी. मोबाइल म्हणजे दहा अंक, पीक म्हणजे ठरलेल्या यादीतलं एक, हे पक्कं तपासता येतं. नावाच्या रकान्यात ‘फक्त ए ते झेड’ अशी अट घातली की देवनागरीत नाव लिहिणारा शेतकरी बाहेर राहतो. क्विंटलच्या रकान्यात कुणी देवनागरी अंकांत ४० लिहिलं तर पीएचपीचं ‘इंटव्हॅल’ त्याचं शून्य करतं, आधी अंक बदलून घ्यावे लागतात. आणि ‘स्ट्रिप_टॅग्ज’ लावून मोकळे होणाऱ्यांनी हे बघावं: शेतकऱ्यानं ‘सोयाबीन, ओलावा <१२ टक्के, ६० पोती तयार’ असं लिहिलं आणि चिन्हानंतर जागा सोडली नाही, तर ‘ओलावा’ या शब्दापुढचं सगळं गायब होतं, कारण ते चिन्ह त्या फंक्शनला टॅगची सुरुवात वाटते. माल किती तेच कळत नाही. मजकूर जसा आला तसा नीट साठवायचा आणि छापताना निष्प्रभ करायचा, ही पद्धत सुरक्षितही आहे आणि गिऱ्हाइकाचं म्हणणंही पूर्ण पोचवते.

त्या मुलाला आणखी एक सांगा. प्लगिनच्या फोल्डरचं नाव भांडारातल्या एखाद्या प्लगिनशी जुळलं तर अपडेटच्या वेळी त्याचं प्लगिन परक्याच्या प्लगिननं पुसलं जाऊ शकतं. वर्डप्रेस ५.८ पासून प्लगिनच्या शीर्षनोंदीत ‘अपडेट यूआरआय’ लिहिता येतं, ते ‘फॉल्स’ ठेवलं की हा धोका संपतो.

आता रोजची शिस्त. माझ्या मते यातली सगळ्यात मोलाची गोष्ट फुकट आहे: अॅडमिनचं लॉगिन रोजच्या कामातून काढून घ्या. ऑपरेटरला बातम्या आणि फोटो टाकायचे असतात, त्याला ‘ऑथर’ भूमिका पुरते. ‘एडिटर’ देऊ नका, एकट्या साइटवर एडिटरलाही न गाळलेला एचटीएमएल टाकता येतो. चौकशा डॅशबोर्डवर वाचण्याऐवजी फॉर्मवरून साध्या मजकुराचा मेल ऑफिसच्या पत्त्यावर येऊ द्या आणि तिथेच वाचा. मेलमध्ये स्क्रिप्ट चालत नाही. तो मेल स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून होस्टिंगच्या साध्या मेलऐवजी एसएमटीपी (खऱ्या मेल खात्यातून लॉगिन करून पाठवायची पद्धत) जोडा. अॅडमिनचं लॉगिन एकाच जबाबदार माणसाकडे, अपडेटपुरतं, वेगळ्या ब्राउझरमध्ये, काम झालं की बाहेर. मग एखादा विषारी मजकूर शिरलाच तरी तो ज्याच्यावर चालेल त्याच्या हातात फारसं काही नसेल.

डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये दोन ओळी घाला. ‘डिसअलाउ_फाइल_एडिट’ खरं केलं की डॅशबोर्डमधला फाइल एडिटर बंद होतो. ‘डिसअलाउ_अनफिल्टर्ड_एचटीएमएल’ खरं केलं की अॅडमिनलाही पोस्टमध्ये स्क्रिप्ट टाकता येत नाही. मात्र पानांत नकाशा किंवा व्हिडिओची चौकट घातलेली असेल तर पान पुन्हा जतन करताना ती गळू शकते, आधी एका पानावर करून बघा. ‘डिसअलाउ_फाइल_मॉड्स’ नावाची तिसरी ओळ पुष्कळ जण सुचवतात. ती तुम्ही घालू नका. तिनं प्लगिनचं अपडेटही बंद होतं, आपोआप होणारंही, आणि तुमच्याकडे दुसऱ्या वाटेनं अपडेट करणारा माणूस नाही. उलट फॉर्मसारख्या प्लगिनला ऑटो-अपडेट चालू ठेवा. एखाद्या वेळी अपडेटनं साइट बिघडेलही. पण ज्या ऑफिसात महिनोन्महिने कुणी डॅशबोर्ड उघडत नाही, तिथे मला बिघडलेला फॉर्म उघड्या भोकापेक्षा परवडतो. फॉर्म बिघडला तर निदान लक्षात येतं.

एचटीटीपीएसचं कुलूप, कॅप्चा आणि फायरवॉल यांच्याबद्दलही विचारलंत. कुलूप फक्त वाटेतली चोरी थांबवतं, विषारी मजकूर कुलूपबंद वाटेनंच येतो. कॅप्चा यंत्रांची गर्दी कमी करतो, माणसाला अडवत नाही. फायरवॉल दुरुस्ती येईपर्यंतचे दिवस काढायला बरा, त्याच्या भरवशावर जुनं प्लगिन वर्षभर चालवू नये. आणि कुणी ‘प्रो आवृत्ती फुकटात देतो’ म्हणत नल्ड, म्हणजे परवान्याची अट तोडून वाटलेलं, प्लगिन आणून दिलं असेल तर ते आजच काढा. त्याला अधिकृत अपडेट मिळत नाही, आणि त्यात काय मिसळलंय हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

होस्टिंगवाल्यांना उत्तरात एवढं विचारा: दोषाचा सीव्हीई क्रमांक (सार्वजनिक यादीतला दोषाचा क्रमांक) कोणता, दुरुस्त आवृत्ती कोणती, आणि आमच्या फाइल्समध्ये तुम्हाला काही आढळलं का, की फक्त आवृत्ती जुनी दिसली. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘फक्त आवृत्ती’ असं आलं तर अपडेट आणि वरची तपासणी एका दुपारीत उरकते. फाइलचं नाव आलं तर ती फाइल लगेच पुसू नका. तिची तारीख आणि वेळ टिपून घ्या आणि त्या वेळच्या आसपासचे अॅक्सेस लॉग (साइटवर कोण कधी आलं याच्या नोंदी) मागवा, काही होस्टिंगवर ते थोडेच दिवस टिकतात. मला प्लगिनचं नाव, सध्याची आवृत्ती आणि मेलमधली दोषाची ओळ कळवा, म्हणजे लॉगिन लागतं का ते बघून नेमकं सांगता येईल. साइटचा पत्ता मात्र अपडेट होईपर्यंत इथे लिहू नका.